पेंटिंगच्या कॉपी विकायच्या आहेत, कॉपीराइटचं कसं?

रंगपेटी:
नमस्कार, मी धरमपेठेत राहते, घरीच कॅनव्हासवर काम करते. दिवाळीत मैत्रिणीला राजा रवि वर्मांच्या एका चित्राची कॉपी करून दिली तर आता ऑर्डरी येऊन राहिल्या. रवि वर्मांची हंस-दमयंती आणि ती हातात दिवा धरलेली बाई, हुसेनचे घोडे, रझांचं बिंदूवालं एक. सीताबर्डीतला फ्रेमवाला म्हणतो हातानं काढलं की कॉपीराइट लागत नाही, प्रिंट काढली तरच लागतो. खरं आहे का? कोणाच्या हक्काचं मला खायचं नाही म्हणून आधी विचारून राहिली.

कोर्टवाले_काका:
ताई, फ्रेमवाल्याचं ऐकू नका. हातानं काढा की मशीनवर छापा, कायद्यात दोन्ही नक्कलच, विकायला परवानगी लागतेच. आपल्याकडे १९५७ चा कायदा आहे, चित्रकार गेला त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क चालतो. रवि वर्मा १९०६ मध्ये गेले, ते कधीचेच मोकळे झाले. हुसेन २०११ मध्ये गेले म्हणजे २०७१ संपेपर्यंत, रझा २०१६ म्हणजे २०७६ पर्यंत थांबा. कलम ६३ मध्ये सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे, हलकं घेऊ नका.

जुनी_तसबीर:
काकांचं बरोबर, पण यादीत एक मोठी चूक आहे. दिवा धरलेली बाई रवि वर्मांची नाहीच! ते सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं जलरंगातलं चित्र, मूळ म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, आणि मॉडेल होती त्यांचीच मुलगी. लोक सर्रास रवि वर्मांचं म्हणून विकतात, फार वाईट वाटतं, आपल्या माणसाचं नाव पुसलं जातं. हळदणकर १९६८ मध्ये गेले, म्हणजे २०२८ संपेपर्यंत ते चित्र मोकळं नाही. आणि रझा तर आपल्या नागपूरच्या चित्रकला शाळेत शिकलेले, निदान इथं तरी त्यांची नक्कल नको विकायला.

बर्डीकर:
मधेच विचारतो, आमच्या घरी एका चित्रकाराचं ओरिजिनल पेंटिंग आहे, वडिलांनी विकत घेतलेलं, बिल पण आहे. त्याच्या प्रिंट काढून विकता येतील ना?

कोर्टवाले_काका:
नाही. तुम्ही कॅनव्हास घेतला, कॉपीराइट नाही. चित्रकारानं लेखी सही करून दिला असेल तरच तुमचा. ते हयात असतील तर सरळ जाऊन विचारा, बरेच जण टक्केवारीवर हो म्हणतात.

रंगपेटी:
बापा, दिव्याच्या बाईचं तर माहितच नव्हतं, मी तर तिला रवि वर्मांचीच समजून अ‍ॅडव्हान्स घेतला होता, उद्याच परत करते. हुसेन-रझांच्या ऑर्डरी पण नाही म्हणते. दमयंती करते, पण मागं काय लिहू?

जुनी_तसबीर:
"राजा रवि वर्मांच्या चित्रावरून" आणि खाली तुमची सही, तारीख. त्यांची सही कॅनव्हासवर अजिबात उतरवू नका, उद्या कोणी तेच ओरिजिनल म्हणून तिसऱ्याला विकेल.