मदत हवी आहे: सुट्टीत वाचन-गणित चालू कसं ठेवायचं?
मुलगी तिसरीतून चौथीत जाणार आहे. सुट्टीत घरी शाळा भरवायची नाहीये, पण सवय अगदीच मोडायलाही नको. वाचताना 'प्रतिस्पर्धी'सारखा शब्द आला की पहिलं अक्षर बघून पुढचं मनानेच ठोकून देते. मी गोष्ट वाचून दाखवली तर मात्र जागची हलत नाही. गणितात हातच्याची वजाबाकी अडते: ५२ मधून १७ गेले की उत्तर ४५, कारण सातातून दोन काढणं सोपं! तेच सुट्टे पैसे हातात दिले की बरोबर येतं. वर्कबुकं कोरीच पडून आहेत, आणखी सुचवू नका. पत्त्यांचे, फाशांचे कोणते खेळ तुमच्याकडे चालले? रोज किती वेळ बसवता? दुसरीतला धाकटाही खेळू शकेल असं काही असेल तर ते आधी सांगा.