मानेवाडा, नागपूर: घरच्या वर्कशॉपातल्या कॉम्प्रेसरचा आवाज कसा कमी करावा?

रंधा_मानेवाडा

नमस्कार मंडळी. घराच्या मागे टिनाच्या शेडमध्ये मी लाकूडकाम करतो, म्हणजे पाट, चौरंग, देव्हारे. खिळे मारायच्या गनसाठी आणि पॉलिशच्या स्प्रेसाठी एका बंद झालेल्या गॅरेजमधून जुना कॉम्प्रेसर घेतला. २ एचपी, सिंगल फेज, दोन सिलिंडर, पट्ट्यावर चालणारा. यंत्र दणकट आहे, पण सुरू झालं की शेडचे पत्रे थरथरतात. शेजारच्यांची आणि आमची भिंत एकच आहे. पलीकडच्या काकू दुपारी आडव्या होतात, त्यांचा नातू दहावीला आहे. त्या अजून एक शब्द बोलल्या नाहीत, आणि बोलायची पाळी त्यांच्यावर येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

प्लायवूडचा खोका करून आतून फोम लावू का? शिवाय पावसाळ्यात गनमधून पाण्याचे थेंब येतात, मेलामाइन पॉलिशवर पांढुरका डाग पडतो. आणि तेल कोणतं टाकायचं? गॅरेजवाले गाडीचंच टाकायचे म्हणे.

एअरब्रश_ताई

मी मूर्ती रंगवते, त्यामुळे माझं यंत्र छोटं आहे. खाली जाड रबरी पॅड दिले आणि यंत्र भिंतीपासून हातभर सरकवलं, तेवढ्यानेच खालच्या मजल्यावरची धडधड बरीच कमी झाली. आणि वेळ पाळा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, रात्र १० वाजता सुरू होते. पण दहावीचा मुलगा आहे तर नियमाआधी काकूंनाच विचारा, कोणत्या वेळी चालवलेलं चालेल म्हणून.

हिंगण्याचा_फिटर

भाऊ, खोक्याचं नंतर पाहू. आधी आवाज कुठून येऊन राहिला ते शोधा. एमआयडीसीत माझी नोकरी कॉम्प्रेसर रूममध्येच गेली, म्हणून खात्रीने सांगतो: पिस्टनच्या यंत्राचा मोठा आवाज सक्शनमधून येतो, जिथे हवा आत जाते तिथून. पंप मिनिटाला ९०० फेरे फिरत असेल तर दोन सिलिंडर मिळून सेकंदाला ३० गचके हवेला बसतात. हा घुमणारा, खालच्या पट्टीतला आवाज एक इंच फोमला जुमानत नाही, पत्रा आणि भिंत ओलांडून जातो.

परीक्षा सोपी आहे. फिल्टर काढा, सक्शनच्या तोंडाला पाण्याच्या पंपाचा तारेच्या वेटोळ्याचा सक्शन पाइप लावा, दुसरं टोक शेडबाहेर काकूंच्या विरुद्ध बाजूला न्या, तिथे फिल्टर बसवा. आत उभं राहून ऐका, फरक लगेच कळेल. पाइप तोंडापेक्षा बारीक नको, लांब असेल तर एक माप मोठाच घ्या, नाहीतर पंपाचा श्वास कोंडतो. बाहेरचं तोंड खाली वळवा म्हणजे पाऊस शिरणार नाही, आणि ते सावलीत ठेवा. आत जाणारी हवा साधारण ४ अंशांनी थंड मिळाली की विजेत १ टक्का वाचतो. एवढ्यानेही बाहेर आवाज राहिला तर गाडीच्या जुन्या एअर फिल्टरचा डबा मध्ये जोडा. त्या डब्यात गचका पसरतो आणि मऊ होतो.

मग थरथर. ताईंचं रबर बरोबर आहे. मात्र पाय काँक्रीटला बोल्टने आवळू नका, टाकीच्या पायाचं वेल्डिंग तडकतं. पट्ट्याचा गार्ड, मोटरचे बोल्ट, पुलीची चावी, सगळं तपासा. पट्टा मधोमध दाबला की १० ते १२ मिमी खाली गेला पाहिजे. टाकी आणि भिंतीवरची हवेची लाइन यांमध्ये रबरी होज असू द्या.

खोक्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आपल्या गावात नको. या मोटरची जवळपास सगळी वीज शेवटी उष्णताच होते, म्हणजे दीड किलोवॅटची शेगडी तुम्ही खोक्यात कोंडून राहिले. नवतप्यात बाहेर ४५ आणि टिनाखाली त्याहून जास्त. तेल पातळ होतं, व्हॉल्व्हवर कार्बन जमतो. कराच म्हटलं तर तीन बाजूंनी जड आडोसा करा, दोन थर प्लायवूड, वर उघडं, फ्लायव्हीलच्या पंख्यासमोर मोकळी जागा.

तेल: कॉम्प्रेसरचंच, व्हीजी १०० (हा तेलाच्या घट्टपणाचा आकडा). गाडीच्या तेलातलं डिटर्जंट ओलावा धरून ठेवतं आणि कार्बन करतं, ते आजच काढा. काचेत तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी मिसळलं आहे. थोडं थोडं चालवून बंद करणाऱ्यांकडे हे होतं, कारण पंप पुरता तापतच नाही.

आता तुमचे थेंब. ३० अंशांच्या ओल्या हवेत घनमीटरमागे २५ ग्रॅमच्या आसपास वाफ असते. ८ बारला दाबून ती हवा पुन्हा ३० अंशांवर आली की तीत साडेतीन ग्रॅमच्या आत वाफ मावते. उरलेलं पाणी टाकीत किंवा गनमध्ये. म्हणून वॉटर सेपरेटर, म्हणजे हवेतलं पाणी वेगळं करणारा डबा, टाकीला चिकटून लावू नका. तिथे हवा गरम असते, पाणी वाफ होऊन पार निघून जातं. आधी लाइन भिंतीवर वर न्या, टाकीकडे उतार द्या, गनचा फाटा लाइनच्या वरच्या अंगाने काढा, आणि सेपरेटर शेवटी लावा. लाइन जीआय (जस्त चढवलेलं लोखंड) किंवा तांब्याची. पीव्हीसी अजिबात नाही, हवेच्या दाबाने फुटलं की तुकडे अंगावर उडतात. उन्हाळ्यात शेडमध्ये कूलर लावत असाल तर मे महिन्यातही हेच थेंब दिसतील, तेव्हा सक्शन बाहेर असल्याचा दुसरा फायदा.

पांढुरका डाग मात्र नुसत्या दमट हवेनेही पडतो. मुसळधार पावसात मेलामाइन मारू नका.

रंधा_मानेवाडा

काका, फार आभार. इतवारीला लोहा ओळीत पाइप पाहतो. आणखी एक: मोटर बंद होताना पूर्वी फुस्स व्हायचं, आता होत नाही. आवाज कमी झाला म्हणून मी बरं मानत होतो.

हिंगण्याचा_फिटर

ते बरं लक्षण नाही. प्रेशर स्विचखालचा छोटा अनलोडर व्हॉल्व्ह पंप आणि टाकी यांच्यामधल्या नळीतली हवा सोडतो. ती सुटली नाही तर पुढच्या वेळी मोटरला भरल्या दाबावर उठावं लागतं, ती नुसती गुरगुरते, कपॅसिटर जातो. उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की आणखी लवकर. उठत नसेल तर लगेच बंद करा. व्हॉल्व्ह साफ करा, कमी खर्चाचं काम आहे. लांब वायर लावून यंत्र दूर नेऊ नका, त्याऐवजी हवेचा होज लांब घ्या.

आणि यंत्र जुनं आहे, म्हणून टाकीकडे सगळ्यात आधी पाहा. काम संपलं की दाब उतरवून रोज टाकीच्या तळाचा ड्रेन कॉक उघडा, म्हणजे साचलेलं पाणी निघतं. लाल पाण्यासोबत गंजाचे पापुद्रे आले, किंवा तळाला कुठे घाम फुटल्यासारखा ओलावा दिसला, तर यंत्र बंद. हायड्रो टेस्ट, म्हणजे टाकीची दाबाची चाचणी, पाणी भरूनच करून घ्या, हवेने नाही. भोक निघालं तर वेल्डिंगचं ठिगळ कोणी स्वस्तात मारून देईल, ते घेऊ नका, टाकीच बदला. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी महिन्यातून एकदा ओढून पाहा. हवा सुटली नाही तर नवा बसवेपर्यंत मोटर सुरू करू नका.