सेलिब्रिटींचे राजकीय ट्विट, मत की नुसती प्रसिद्धी?

प्रश्न: फेब्रुवारी २०२१ मध्ये पॉपगायिका रिहानाने कृषी कायद्यांविरोधातल्या शेतकरी आंदोलनावर ट्विट केलं आणि लगेच सचिन, लतादीदी, अक्षय कुमार सगळ्यांचे सरकारच्या बाजूने तेच ते हॅशटॅग लावून ट्विट आले, मग आधीचे दोन महिने शेतकरी थंडीत दिल्लीच्या वेशीवर बसलेले तेव्हा यांना काहीच वाटलं नव्हतं का? मला तर सचिनचं फार वाईट वाटलं.

प्रतिसाद १: अक्षय आणि बॅडमिंटनपटू सायना नेहवालचा तर मजकूरही शब्दन्‌शब्द सारखा होता राव, स्वतःचं मत असं कॉपी-पेस्ट असतं होय?

प्रतिसाद २: सगळे एका माळेचे मणी नाहीत हां. पंजाबी गायक-अभिनेता दिलजीत दोसांझ डिसेंबर २०२० मध्येच आंदोलनाच्या ठिकाणी, सिंघू बॉर्डरवर जाऊन आला, ट्रोलिंगही सोसलं.

प्रतिसाद ३: बरोबर, किंमत मोजायची तयारी असेल तर मी मत मानतो.