तेरा महिने फिरून गावी परतले, पण "किती खर्च आला"च्या पुढे बोलणंच जात नाही

संत्रागावची (वरूड तालुका)

नमस्कार मंडळी. लांबलचक होणार आहे, आधीच माफी मागते.

वय 34. पुण्यात आठ वर्षं नोकरी केली, पैसे साठवले, राजीनामा दिला आणि मार्च 2024 मध्ये एकटी निघाले. व्हिएतनाम, लाओस, थायलंड, कझाकस्तान, जॉर्जिया, आर्मेनिया. एप्रिल 2025 मध्ये परत आले ती थेट गावी. दोन-तीन महिने आईबाबांजवळ राहायचं, मग पुढचं बघायचं, असं ठरवून.

नागपूरहून काटोलमार्गे एसटी, अर्ध्या तिकिटात. खिडकीतून येणारा वारा चुलीच्या तोंडाशी बसल्यासारखा. आदल्या दिवशी तिबिलिसीत अंगात स्वेटर होता. जलालखेडा सोडलं, वर्धा नदीचा पूल आला, खाली पाणी नावापुरतं, आणि मला रडू फुटलं. कंडक्टरने विचारलं, "कोनी गेलं काय घरचं?"

पहिले चार दिवस सुखाचे. आईने पाटवडीचा रस्सा केला, कैरीचा तक्कू केला, मी बंगईवर पडून झोपा काढल्या. पाचव्या दिवसापासून माणसं येऊ लागली.

"किती खर्च आला वं?" हा पहिला प्रश्न. आकडा सांगितला की, "एवढ्यात घरावर स्लॅब पडला असता." दुसरा प्रश्न, "एकटीच होती?" तिसरा प्रश्न नाहीच. लगेच विषय लाडक्या बहिणीवर. ती योजना जाहीर झाली जून 2024 मध्ये, तेव्हा मी लाओसात होते. आता ओट्यावर बसलं की कोणाचे दीड हजार आले, कोणाचे अडकले, हेच. शेजारची काकू विचारते, "तू फॉर्मच नाही भरला?" आणि अशी बघते की पोरगी तेरा महिने फिरली ते एकवेळ चालेल, पण फॉर्म चुकवला?

त्यात माझा जुना नंबर गेला. मध्ये रिचार्ज राहून गेला, कंपनीने बंद केला. आधार, बँक, सगळं त्याच नंबरावर. स्वतःच्या गावात स्वतःचेच पैसे काढायला आईकडे हात पसरते आहे.

आता जे लिहायला बसले ते. बाबा काहीच विचारत नाहीत. आमची तीन एकर संत्रा आहे. मी नसताना मागच्या पावसाळ्यात डिंक्या रोगाने (बुंधा सडतो, डिंक गळतो) साठेक झाडं वाळली. फोनवर मला रोज "सगळं ठीक हाय". आल्यावर वावरात गेले तर दोन ओळी नुसती खोडं, कुऱ्हाडीने तोडलेली. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मी कुठे होते? जॉर्जियात काळ्या समुद्राकाठी कोबुलेतीला, एका मावशीच्या घरगुती गेस्टहाऊसवर, त्यांच्या परसात हौसेने मँडरिन तोडत. कमरेवर क्रेट घेतलेला फोटो मी घरी पाठवला होता. बाबांचं त्यावर एवढंच उत्तर आलं होतं, "फळ लहान हाय."

आता एका ताटलीत जेवावं इतक्या जवळ बसतो आम्ही, आणि माझ्या तोंडून शब्द निघत नाही. कोणी असं परतलं आहे का? काय केलंत? आणि त्या नंबराचं काय करू?

धुऱ्यावरचा (मोर्शी)

ताई, पह्यले नंबरचं. आधार केंद्रावर सोता जा लागते, अंगठा द्या लागते, मोबाईल बदलाले कागद नाई लागत. पन त्याच्याही आंधी आजच बँकेत जा अन् जुना नंबर काढाले अर्ज दे. कंपनी बंद पडलेला नंबर दुसऱ्याले देते. तुवा ओटीपी कोन्या अनोळखी मानसाच्या हातात गेला म्हंजे मंग बोंबलत बसशीन.

आता बाबाचं. डिंक्या तुमच्याच वावरात आला असं नाई, आमच्याकडे बी झाडं गेले. बाप बोलत नाई म्हंजे रागावला असं समजू नको. झाड गेलं का मानूस चार महिने कोनाशीच बोलत नाई, मी सोता तसाच होतो. बायको म्हने, भुताने धरलं काय?

मे लागला. पावसाच्या आंधी बुंध्याले बोर्डो मलम लावा लागते. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पानी. दोन्ही येगयेगळं भिजवाचं, प्लास्टिकच्या बकेटीत, लोखंडाच्या भांड्यात नाई. मंग एकत्र करून इळ्याचं पातं बुडवून पाह्य. पात्यावर तांबूस चढलं तं चुना कमी हाय, आनखी टाक. जमिनीपासून तीनेक फूट वरपर्यंत बुंधा रंगव. हे काम एकट्याच्यानं होत नाई, दोघं लागतेत. येवढंच सांगतो.

कतारवाला (मलकापूर)

तुम्हाला किती खर्च आला विचारतात, मला किती कमावले विचारायचे. नऊ वर्षं दोहामध्ये गाडी चालवली. तुम्ही हौसेने गेलात, मी कर्जापायी, त्यामुळे तुमचं दुःख मला थोडं श्रीमंती वाटतं. राग मानू नका.

पण परत आल्यावरचं सांगतो. तिकडे गाड्या उजवीकडून चालतात. गावी आल्यावर दोनदा मोटरसायकल उजव्या अंगाला घातली, एकदा समोरून सोयाबीनचा ट्रॅक्टर. ड्रायव्हरने दिलेल्या शिव्या ऐकून मात्र बरं वाटलं, नऊ वर्षांत इतकं शुद्ध कोणी बोललं नव्हतं.

एक करा, फोटो दाखवू नका. फोटो बघितला की माणूस "छान" म्हणतो आणि बोलणं संपतं. कतार मी कोणाला सांगितलंच नाही. दोन वर्षांनी पोराने विचारलं, तिथे पाऊस आला तर शाळेला सुट्टी देतात का? मग तासभर बोललो.

निवृत्त_बाई (अमरावती)

बाळा, यावर अभ्यास झालेला आहे. 1955 मध्ये लिसगार्ड या नॉर्वेच्या अभ्यासकाने अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन शिष्यवृत्तीधारकांवरून मांडलं की परक्या देशात मन आधी हरखतं, मग खचतं, मग सावरतं. इंग्रजी यू अक्षरासारखं. 1963 मध्ये गलाहॉर्न पती-पत्नींनी दाखवलं की घरी परतल्यावर तोच खड्डा पुन्हा लागतो, म्हणजे यूचा डब्ल्यू होतो. तू बहुधा दुसऱ्या खड्ड्यात आहेस. माझी मुलगी जर्मनीहून आली तेव्हा घरात कोणी मोठ्याने बोललं की दचकायची. आणि आम्ही सगळे मोठ्यानेच बोलतो.

कतारवाला (मलकापूर)

बाई, आमच्या वेळी डब्ल्यू नव्हता, नुसताच खड्डा होता. 😄

संत्रागावची (वरूड तालुका)

तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

बँकेत आधी गेले, मग आधार केंद्र. दुसऱ्या खेपेत झालं, पहिल्या दिवशी वीज नव्हती.

बोर्डोचं साहित्य आणलं. बाबा म्हणाले, "तुले कोनं सांगतलं?" म्हटलं, मोर्शीचे एक भाऊ आहेत. इळा बाबांनीच बुडवला. पातं तांबूस निघालं, चुना वाढवला. सकाळी सहा ते नऊ, उन्हाच्या आधी, रोज चाळीसेक झाडं. ते बुंधा खरडायचे, मी ब्रश मारायचे. तिसऱ्या दिवशी, माझ्याकडे न बघता, "तिकडे झाडाइले पानी कसं देतात?"

मी म्हटलं, देतच नाहीत. त्या काठावर वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बाबांचा हात थांबला. "मंग बुंधे सडत नाईत?"

मला माहीत नव्हतं. महिनाभर त्या झाडांखाली राहून मी हे विचारलंच नव्हतं. फोनमधल्या भाषांतराच्या भरवशावर मावशींना निरोप धाडला. संध्याकाळी फोटो आला. त्यांची कलमं एका काटेरी रानटी लिंबूवर्गीय झाडावर बांधलेली असतात, त्याची फुटलेली फांदी. एका देठाला तीन पानं. त्याची मुळं या रोगाला सहसा दाद देत नाहीत म्हणे. बाबांनी चष्मा लावून फोटो मोठा करकरून पाहिला. "आपल्या जंबेरीले एकच पान असते," म्हणाले (आमची संत्र्याची कलमं या जंबेरीवर बांधलेली असतात), आणि फोन घेऊन आईला दाखवायला आत गेले.

कतारवाले भाऊ, फोटो दाखवू नका म्हणालात, पण हा चालला.

काल जेवताना पुढचा प्रश्न आला, "चुनखडीच्या जमिनीत चालते काय थे? इचार तिले." विचारलं आहे, उत्तर यायचं आहे.

धुऱ्यावरचा (मोर्शी)

नाई चालत. चुनखडीत पिवळं पडते. पन हे मी सांगतलं असं बाबाले सांगू नको. थ्या बाईचं उत्तर येऊ दे.