व्हीआर हेडसेट 'लागतो', काही उपाय आहे का की विकून टाकू?

लाल_डबा

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मला लहानपणापासून गाडी लागते. पोलादपूरवरून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जायचं म्हटलं की आई लिंबू, आलेपाक आणि रिकाम्या पिशव्या घेऊनच एसटीत चढायची आणि चौथ्या-पाचव्या वळणाला त्यातली एक पिशवी भरलेली असायची. आता वय ३४, स्वतः गाडी चालवतो, त्याच घाटात काही होत नाही, म्हणून वाटलं की गेलं ते.

तर दिवाळीत मित्राकडून सेकंडहँड क्वेस्ट २ (मेटाचा व्हीआर, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटीचा, डोळ्यांवर चढवायचा हेडसेट) घेतला १४ हजाराला. पहिल्या दिवशी पाऊण तास बीट सेबर (अंगावर येणारे ठोकळे तलवारीने कापायचा गेम), घामाघूम झालो, बायको म्हणाली माश्या मारतोयस का, पण मजा आली, त्रास शून्य. दुसऱ्या दिवशी एक झोंबीवाला गेम लावला ज्यात डाव्या स्टिकने चालायचं आणि उजव्या स्टिकने वळायचं. पाच मिनिटांत तोंडात पाणी यायला लागलं (वडापाव बघून येतं ते नाही, दुसरं), कपाळावर गार घाम, जांभया, तरी पैसे मोजलेत म्हणून वीस मिनिटं रेटलं आणि मग हेडसेट कॉटवर टाकून थेट मोरीत. रात्री जेवलो नाही, आडवा झालो तर कॉट हलतेय असं वाटत होतं.

चुलतभाऊ म्हणतो रोज रेट, आठवड्यात सवय होते. चार दिवस रेटलं. आता अशी वेळ आलीये की फेसकव्हरच्या फोमचा वास आला तरी पोटात ढवळतं. हे खरंच सवयीने जातं का? का माझ्यासारख्या पिशवीवाल्यांनी या भानगडीत पडूच नये?

सदाशिवपेठी_सायंकाळ

१४ हजार देऊन उलट्या करण्यापेक्षा स्वारगेटवरून एसटीचं तिकीट काढा, स्वस्तात होतील.

घाटमाथा

वरच्यांचं सोडा. भावा पहिली गोष्ट म्हणजे रेटणं आजपासून बंद. तुझ्या चुलतभावाचं अर्धं बरोबर आहे, सवय होते हे खरं (याला लोक व्हीआर लेग्स म्हणतात), पण ती कशी होते तर पहिलं लक्षण आलं की लगेच काढायचा, पूर्ण बरं वाटेपर्यंत परत घालायचा नाही, दुसऱ्या दिवशी परत पाच मिनिटं. तू जे केलंस त्याने सवय झाली पण उलटी, मेंदूने हेडसेट म्हणजे ओकारी असं पक्कं करून टाकलं, म्हणून फोमचा वास लागतो. मी पण २०१६ ला हेच केलं होतं, मित्राच्या व्हाइव्ह हेडसेटवर. नंतर तीन महिने त्याच्या घरी गेलो तरी त्या खोलीत बसायचो नाही.

आता बघ, बीट सेबरमध्ये तुला काही का झालं नाही? कारण तिथं तू जागेवर उभा आहेस आणि जे काही हलतंय ते तुझ्या अंगाने हलतंय. झोंबीवाल्यात डोळे म्हणतात चाललोय, पाय म्हणतात उभा आहे. सगळा घोळ त्या स्टिकचा आहे. तू स्वतः लिहिलंयस बघ की गाडी चालवताना लागत नाही. ड्रायव्हरला घाट सहसा लागत नाही कारण पुढचं वळण त्याला आधी माहीत असतं, हात त्याचेच असतात. मागच्या बाकड्यावरच्याला काहीच माहीत नसतं. स्टिकने चालताना अंगठा तुझा असला तरी तुझं अंग मागच्या बाकड्यावर बसलेलं असतं.

सेटिंगमध्ये जा. चालण्यासाठी टेलिपोर्ट निवड, म्हणजे बोट दाखवायचं आणि तिथं जाऊन उभं राहायचं, मधला प्रवासच नाही. वळण्यासाठी स्मूथ टर्न (सलग वळणं) बंद, स्नॅप टर्न चालू, ३० किंवा ४५ अंशाचा झटका बसतो, दिसायला भिकार पण पोटाला बरा. त्याहून बरं म्हणजे स्टिकने वळूच नको, स्वतः गोल फिर. आणि व्हिनेट असेल तर फुल कर, चालताना कडा काळ्या होतात त्याने खूप फरक पडतो. हाफ-लाइफ: ॲलिक्स या गेममध्ये टेलिपोर्टपासून सगळे पर्याय दिलेत, पीसी असेल तर तिथून सुरू कर. मेटाच्या स्टोअरवर प्रत्येक गेमला कम्फर्टेबल, मॉडरेट, इंटेन्स असं लिहिलेलं असतं ते आपण कोणी वाचत नाही, वाच.

आणि समोर टेबलफॅन लाव. हसू नको. वारा कुठून येतोय यावरून अंगाला दिशा कळत राहते, शिवाय गार वाटतं. पायाखाली एक छोटी सतरंजी टाक, म्हणजे आपण खोलीत कुठे आहोत ते तळव्यांना कळतं आणि टीव्ही पण वाचतो (माझा नाही वाचला).

कानकोंडी_डॉक्टर

कान-नाक-घशात रेसिडेन्सी चालू आहे, नाईटला बसून लिहितेय त्यामुळे चुका समजून घ्या.

घाटमाथा यांनी ड्रायव्हरचं उदाहरण दिलं ते अगदी बरोबर. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात त्या डोकं फिरलेलं ओळखतात, आणि दोन छोट्या पिशव्या असतात ज्यांना सरळ रेषेतला वेग वाढला-कमी झाला ते आणि गुरुत्वाकर्षण कळतं. गंमत अशी की कानाला वेग कळतच नाही, वेगातला बदल कळतो. म्हणून एकाच स्पीडने सरळ जाणारा गेम बऱ्याच जणांना सोसतो, पण सुरू होणं, थांबणं, जिना आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्टिकने वळणं, इथे डोळे ओरडतात "फिरलो" आणि कान म्हणतात "छे". या भांडणातून मळमळ येते असं मानतात. भांडण झालं की ओकायचं कशाला हा प्रश्न मात्र राहतोच, त्यावर ट्रिसमन नावाच्या माणसाने १९७७ मध्ये एक कल्पना मांडली की डोळे आणि कान जुळेनासे झाले की मेंदूला वाटतं विषारी काहीतरी पोटात गेलंय, काढा बाहेर. सगळ्यांना पटलेली नाही पण मला आवडते.

कानातला हा भाग ज्यांचा दोन्हीकडून पूर्ण निकामी झालेला असतो त्यांना गाडी, बोट काहीही लागत नाही. १८८२ मध्येच अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने मूकबधिर लोकांवर लिहिताना हे नोंदवलंय. म्हणजे लाल डबा, तुम्हाला लागतं याचा अर्थ कानातला तो भाग चालू आहे, एवढं तरी समाधान.

आणि व्हीआर हे नवीन दुखणं नाही. १९५० च्या दशकात अमेरिकन नौदलाने हेलिकॉप्टरचा सिम्युलेटर वापरायला घेतला तेव्हापासून हे आहे, आणि तिथे शिकाऊ पोरांपेक्षा मुरलेल्या पायलटांनाच जास्त त्रास झाला, कारण खरं हेलिकॉप्टर अंगाला कसं लागतं ते त्यांना माहीत होतं.

कोणीतरी ॲव्होमिन सुचवायच्या आधीच सांगते. ती प्रवासासाठी ठीक आहे, पण झोप आणते, आणि गेम खेळायला रोज गोळी घेणं हा वेडेपणा आहे. आलं चघळा, चालेल. खेळून झाल्यावर डोकं हलकं वाटत असेल तर लगेच टू-व्हीलर काढू नका, हे मात्र गंमत नाही. आणि हेडसेट न घालता सुद्धा गरगरत असेल किंवा कानात आवाज येत असेल तर गेम सोडा आणि कान दाखवून घ्या.

रात्रपाळी_स्टुटगार्ट

वरचं सगळं ठीक पण फ्रेमरेटबद्दल (सेकंदाला किती चित्रं दिसतात ते) कोणीच बोललं नाही म्हणून लॉगिन केलं. क्वेस्ट २ ला ७२ हर्ट्झवर एक चित्र काढायला १४ मिलिसेकंदाच्या आत वेळ मिळतो, ९० वर ११ च्या आसपास. मान वळवली आणि चित्र त्या वेळेत तयार नसेल तर जग मानेच्या मागून ओढत येतं, मग तुम्ही टेलिपोर्ट करा नाहीतर शीर्षासन करा, मळमळ होणारच. डूम गेमवाल्या जॉन कारमॅकने २०१३ मध्येच लिहून ठेवलंय की मान हलवल्यापासून चित्र बदलेपर्यंत २० मिलिसेकंदाच्या आत जमलं पाहिजे. हेडसेटवरच चालणाऱ्या गेममध्ये हा प्रश्न कमी, पण पीसीवरून वायफायने खेळत असाल तर राउटर ५ गिगाहर्ट्झवर आणि त्याच खोलीत हवा, पीसी राउटरला केबलने जोडलेला हवा, आणि ग्राफिक्स खाली आणायचे. मी इथे भाड्याच्या घरात शेजाऱ्यांच्या दहा वायफायच्या गर्दीत खेळायचो, दर दोन मिनिटांनी जग अडकायचं, मला वाटायचं माझंच वय झालं. केबल टाकली आणि वय कमी झालं.

@कानकोंडी_डॉक्टर, नाकाचं पण सांगा की लोकांना. २०१५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातल्या लोकांनी चक्क व्हीआरमध्ये मधोमध एक नाक काढून बघितलं, खेळणाऱ्यांच्या ते लक्षात पण आलं नाही पण ते जास्त वेळ टिकले. काहीतरी स्थिर दिसत राहिलं पाहिजे, म्हणून विमान आणि गाडीच्या गेममध्ये कॉकपिट दिसतं तेव्हा थोडं बरं असतं.

चष्मिष्ट

लाल डबा दादा, एक साधी गोष्ट विचारते, लेन्समधलं अंतर तपासलं का? क्वेस्ट २ ला लेन्स हाताने सरकवायच्या तीन खाचा आहेत, ५८, ६३ आणि ६८ मिमी. सेकंडहँड घेतलाय म्हणजे आधीच्या मालकाच्या डोळ्यांना लावलेला असणार. माझ्या डोळ्यांमधलं अंतर ५९ आहे, मी दोन महिने भावाच्या तिसऱ्या खाचेवर खेळत होते आणि घरचे म्हणायचे बायकांना व्हीआर सोसत नाही. केय स्टॅनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०२० चा पेपर आहे, त्यात हेच निघालं की बायकांना जास्त त्रास होतो याचं मुख्य कारण हेडसेट त्यांच्या डोळ्यांच्या अंतराला बसत नाही. तो पेपर मी आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकला, कोणी काही बोललं नाही, फक्त मामाने हात जोडले.

चष्म्याच्या कार्डावर पीडी (दोन बुबुळांमधलं अंतर) म्हणून आकडा असतो तो बघा. ६१ किंवा कमी असेल तर पहिली खाच, ६६ च्या वर तिसरी, मधले सगळे दुसरी.

बादलीवाला

मी मॉलमधल्या एका गेम झोनमध्ये दीड वर्ष होतो, व्हीआर रोलरकोस्टरच्या खुर्चीवर पोरं बसवायचं काम, नाव यावरूनच पडलं. माझा अनुभव सांगतो, जो "मला काही होत नाही ओ" म्हणून मित्रांना बाजूला सारून बसतो तो पयला ओकतो. दुसरा नंबर फूडकोर्टातून थेट आलेल्यांचा. पण एकदम उपाशी पोटी आलेले पण पडायचे, थोडं खाऊन आलेली माणसं बरी. ती खुर्ची पण हलायची पण स्क्रीनवर उतार लागला की खुर्ची अर्ध्या सेकंदाने जागी व्हायची, त्यापेक्षा न हलणारी परवडली. चेहरा पांढरा पडायला लागला की आम्हाला कळायचं, मशीन बंद करायचो, तर पालक म्हणायचे पैसे दिलेत पूर्ण होऊ द्या. पाच-सहा वर्षाच्या पोरांना बसवा म्हणून भांडायचे, मेटा स्वतः १० वर्षांच्या खाली नको म्हणते. आणि भाऊ, फोमचा वास जात नसेल तर फोमच फेक, सिलिकॉनचं कव्हर मिळतं ते लाव, आमच्याकडे तेच होतं, पुसता येतं.

सदाशिवपेठी_सायंकाळ

बादलीवाल्यांचा प्रतिसाद जेवताना वाचला. आभारी आहे.

लाल_डबा (तीन आठवड्यांनी)

उशीर झाला, सगळ्यांचे आभार. चष्मिष्ट ताई, तुमच्या पाया पडतो, पीडी निघाला ६२ आणि लेन्स तिसऱ्या खाचेवर! ज्याच्याकडून घेतला तो सव्वासहा फुटाचा आहे, लक्षातच आलं नाही. दुसऱ्या खाचेवर आणलं तर अक्षरं एकदम स्वच्छ, मला वाटायचं या हेडसेटची क्वालिटीच अशी आहे.

दहा दिवस हातच लावला नाही, फोम टाकून सिलिकॉन लावलं, मग टेलिपोर्ट आणि स्नॅप टर्नवर पाच-पाच मिनिटं सुरू केलं. आता अर्धा तास आरामात होतो. स्टिकने सरळ चालणं व्हिनेट फुल ठेवून सात-आठ मिनिटं जमतं, पण स्मूथ टर्न चालू केला की आंबेनळी घाट हजर. ते मी सोडून दिलंय, घरातली फिरती खुर्ची घेऊन बसतो आणि स्वतःच वळतो. टेबलफॅन पण लावला, बायकोने फोटो काढून सासरी पाठवलाय.

पण खरी गंमत वेगळीच. आई आली होती महाडहून, वय ६३, तिला आमच्यापेक्षा जास्त गाडी लागते, रिक्षात सुद्धा पदर नाकाला. तिला नको नको म्हणत असताना टेबल टेनिसचा गेम लावून दिला, कॉलेजात खेळायची ती, हे मला माहीतच नव्हतं. चाळीस मिनिटं! काही झालं नाही, मळमळ नाही, चक्कर नाही, वर मला म्हणते तुझी बॅकहँड वाईट आहे. आता तिचं परत जायचं पुढं ढकललंय आणि संध्याकाळी सहा ते सात हेडसेट मला मिळत नाही.

एकच अडचण, तिला जवळचा आणि लांबचा असे दोन वेगळे चष्मे आहेत. हेडसेटमध्ये कुठला घालायचा? स्क्रीन डोळ्याला चिकटलेली असते म्हणून ती जवळचा घालते आणि सगळं पुसट दिसतं म्हणते.

चष्मिष्ट

लांबचा घालायला सांगा. स्क्रीन जवळ असली तरी लेन्समुळे डोळ्याला ती मीटर-दोन मीटरवर असल्यासारखी दिसते. आणि बॉक्समध्ये एक काळी चौकट असते चष्म्यासाठीची, ती फेसकव्हरच्या आत बसवा नाहीतर चष्म्याने लेन्सवर चरे पडतील. नसेल दिली तर त्या सव्वासहा फुटवाल्याला विचारा.