मुरमाड रानात ओल टिकत नाही, सोयाबीन माना टाकतंय, लवकर सांगा

माळावरचा:
पावसानं दडी मारलीय. दुपारी सोयाबीन माना टाकतंय, पानं उलटी होऊन पांढुरकी बाजू वर दिसायला लागलीय. ओल टिकायला काय टाकू? दुकानदार हायड्रोजेल, ते पाणी शोषून धरणारे दाणे, घे म्हणतोय. उद्या तालुक्याला चाललोय, आजच सांगा.

काळंरान_परभणी:
कोळपं मारा. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. वरची माती भुसभुशीत झाली की खालची ओल उडत नाही, भेगा पण बुजतात.

औसेकर:
दादा, पीक केवढं झालंय, माती किती खोल, पाणी काय आहे? काहीच लिहिलं नाही तर सांगणार काय.

माळावरचा:
बालाघाटाच्या डोंगरावर माती असून असून किती असणार, वीतभर खाली मुरूम लागतो. फुलं लागलीत. बोअर आहे पण थांबून थांबून चालतंय. हायड्रोजेल घेऊ का नको तेवढं सांगा ना.

औसेकर:
नका घेऊ. ते पेरताना मातीत, मुळाजवळ पडावं लागतं. पुसा हायड्रोजेल एकरी १-२ किलो देतात ते पण पेरणीलाच, आता उभ्या पिकात वर फेकून पैसे जातील. आणि कोळपं तर अजिबात नको, फुलात कोळपलं की मुळ्या तुटतात, फुलं झडतात.

काळंरान_परभणी:
आम्ही दरसाल मारतो, काही झडत नाही.

औसेकर:
तुमचं रान हातभर खोल काळं आहे हो, मूळ खालून ओल ओढतं. यांच्याकडं खाली मुरूमच, आधार कुठला?

विषमुक्त_शेती:
एकरी २०० लिटर जीवामृत, शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पाणी, सोडा, गांडुळं वर येतील, जमीन आपोआप पाणी धरेल.

औसेकर:
जीवामृत ओलीवर सोडतात, धुरळ्यात नाही.

रानवाट:
पानं पिवळी म्हणजे मोझॅक रोग, पांढऱ्या माशीनं पसरतो. पांढरी माशी बघा, तसली झाडं उपटून बांधाबाहेर न्या.

माळावरचा:
पिवळी कुठं म्हणालो मी?? उलटी झालीत.

केजकर_ताई:
आमचं पण असलंच रान आहे. गेल्या सालची गुळी, मळणीतला सोयाबीनचा भुसा, पडून असेल तर दोन ओळींच्या मधे अंथरा, जमीन झाकली की ऊन थेट मातीला लागत नाही, फरक कळतो. सगळ्या रानाला पुरणार नाही, जिथं मुरूम वर आलाय तिथं आधी टाका. १३:००:४५ हे विद्राव्य खत (पोटॅशियम नायट्रेट) दहा लिटरला १०० ग्रॅम घेऊन सकाळी लवकर फवारा, त्यानं ओल वाढत नाही पण झाड तग धरतं. बोअरचं पाणी आता फुलाला आणि मग शेंगा भरताना, तुषारनं, रात्री द्या. दुपारी दिलं तर वाऱ्यानंच जातं.

काळंरान_परभणी:
गुळी रानात घालून जनावरांना काय घालायचं? यंदा कडब्याचा भाव बघा.

केजकर_ताई:
म्हणून सडकी, भिजलेली घाला म्हणते, जनावर तसंही खात नाही ती. आणि उन्हाळ्यात तलावाचा गाळ भरा दादा, २०१७ पासून गाळयुक्त शिवारची योजना आहे. असल्या रानाला कायमचा इलाज तोच. पुढच्या साली पेरा पण रुंद वरंबा सरीनं करा.

माळावरचा:
सडकी गुळी आहे गोठ्यामागं, बुरशी आलेली. त्यानं पिकाला रोग नाही ना लागणार? आणि तुषारचे पाईप शेजाऱ्याकडं आहेत, रात्री तेच लावतो.

विषमुक्त_शेती:
म्हणूनच म्हणतो, आधी जीवामृत.

औसेकर:
बुरशी काळी आहे का पांढरी? फोटो टाका.