बातू केव्ह्ज: गुहेतले फोटो

क्वालालंपूरजवळच्या बातू केव्ह्जचे तुमचे फोटो सुरेख आहेत. गुहेच्या फोटोंत वरचं आकाश पांढरंफटक का पडलंय, असं विचारलंत. छताच्या भगदाडातला उजेड आणि खालचा अंधार यांतला फरक एका एक्स्पोजरमध्ये (एका फोटोसाठी कॅमेऱ्यात घेतलेल्या प्रकाशात) मावत नाही. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, एक्स्पोजर आकाशाकडच्या कडांवर ठेवा आणि अंधारे भाग नंतर एडिटिंगमध्ये उजळा. रेलिंगला टेकून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो गडद-उजळ करायची सेटिंग) उणे २, ० आणि अधिक २ ठेवून तीन फोटो काढून एकात एक मिसळलेत तर आणखी चांगलं. हातात कॅमेरा असेल तर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) १६०० ते ३२०० बिनधास्त वापरा. हललेल्या फोटोपेक्षा दाणेदार परवडतो.

बाहेर मुरुगनची (कार्तिकेयाची) सोनेरी मूर्ती ४२.७ मीटर उंच. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे ०.७ द्या, नाहीतर सोनेरी रंग पिवळाधमक होतो. २७२ पायऱ्यांचे रंग सकाळी लवकर, गर्दीआधी घ्या.

एसी खोलीतून थेट बाहेर काढलेली लेन्स दमट हवेत लगेच धुरकटते. अर्धा तास बॅगेतच, चेन लावून ठेवा. पुसत बसू नका, पुन्हा वाफ धरते. माकडं प्लास्टिकच्या पिशव्या हिसकावतात. तैपूसम या मुरुगनच्या उत्सवात कावडी वाहून नेणाऱ्या भाविकांचा जवळून फोटो घेण्याआधी सोबतच्या नातेवाइकांना जरूर विचारा.